बयाबाईचा न दुखणारा दात

शिरूर-दौंड गाडीवर मी बावीस वर्षं कंडक्टर होतो. माझं नाव अफताब. रिटायर होऊन पाच वर्षं झाली. आता दौंडात जावयाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो आणि सवयीनं गिऱ्हाइकांना पुढं सरका म्हणतो.

बयाबाई या गाडीची नेहमीची. गाव इनामगाव. घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची, पुढं घोडनदीच्या काठाला जमीन धरून बसली. मेंढरं गेली आणि बयाबाईच्या वाट्याला कोंबड्या आल्या. बाजाराच्या दिवशी ती अंडी आणि कोंबड्यांचं डालगं घेऊन निघायची. डालगं सीटखाली सारायची. आतल्या कोंबड्या पुढच्या माणसाच्या पोटरीला चोच मारायच्या आणि तो माणूस तक्रार माझ्याकडं करायचा.

तिची एक खोड होती. पायरीवर एक पाय ठेवून ती विचारायची, "अफताबभाई, दौंडलाच जाती ना?" कंडक्टर मीच, ड्रायव्हर तोच, तरी हा प्रश्न चुकायचा नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, आज मुद्दाम लंडनला चाललीय. तर म्हणाली, "मग कोंबड्या उतरवते. त्यांचा पासपोर्ट न्हाई." सगळी गाडी हसली. मी पुढची चार तिकिटं चुकीची फाडली.

त्याच बयाबाईचा पुढं खरोखर पासपोर्ट निघाला. तिचा मुलगा सुदर्शन रांजणगावच्या एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत होता. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी हंगेरीतल्या प्लांटवर धाडलं. बरोबर बायको प्रतिभा. दीड वर्षानं प्रतिभाचे दिवस भरत आले. तिच्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपणाला सासूला बोलावलं. बयाबाईच्या नवऱ्यालाही, म्हणजे भिमाप्पालाही बोलावणं होतं. त्यानं शेळ्यांचं कोण बघणार म्हणून अंग काढून घेतलं. खरं कारण वेगळं होतं. विमानात विडी ओढू देत नाहीत, हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

पुढचं मी तिघांकडून ऐकलंय, बयाबाईकडून समोरासमोर, सुदर्शनकडून आणि प्रतिभाकडून दुकानातल्या व्हिडिओ कॉलवर. जिथं तिघांचं जुळत नाही तिथं मी प्रतिभाचं खरं धरलंय, कारण त्या दिवशी तिघांत तेवढी एकटीच शुद्धीवर होती.

बयाबाई पोचली एप्रिलमध्ये. नव्वद दिवसांचा व्हिसा, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि सुदर्शनचे नियम. एकटीनं खाली जायचं नाही. गेलीस तर रस्ता ओलांडायचा नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. त्यानं एका कार्डावर घरचा पत्ता आणि फोन नंबर छापून, प्लास्टिकमध्ये घालून, दोरीनं तिच्या गळ्यात अडकवलं. बयाबाईनं ते दोन दिवस घातलं आणि तिसऱ्या दिवशी बाळाच्या गाडीला बांधलं. हरवायचं वय त्याचं हाय, माझं न्हाई, असं तिचं म्हणणं. नातू तेव्हा अजून जन्मालाही यायचा होता.

तो आठवडाभरानं आला. मग शेक, शेगडी, तेल लावणं, डिंकाचे लाडू असं यथासांग सुरू झालं. शेगडीचा धूर झाल्यावर छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं आणि खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमले. तेवढं सोडलं तर सगळं ठीक होतं. अडलं ते शेपूवर. बाळंतिणीला शेपूची भाजी पाहिजे. त्याशिवाय दूध येत नाही, असा आमच्याकडचा समज. तो खरा की खोटा हे बयाबाईला विचारायची कुणाची छाती नाही. सुदर्शननं फोनवर शोधलं, ऑफिसात विचारलं, आणि एक दिवस वाळवलेल्या हिरव्या पाल्याची इवलीशी बाटली घेऊन आला. बयाबाईनं झाकण उघडून वास घेतला. म्हणाली, हे शेपूच्या तेराव्याचं दिसतंय.

दिवसभर करायला काही नाही, म्हणून ती खिडकीत बसायची. खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडं बसचा थांबा, आणि थांब्यामागं दातांच्या डॉक्टरचा दवाखाना. दवाखान्यावर पांढराशुभ्र दात लावलेला, माणसाच्या उंचीचा. तीन आठवडे बयाबाईनं तो थांबा बघितला. कोण कधी येतं, कोणत्या गाडीत चढतं, कधी परततं, सगळं तिच्या डोक्यात बसलं. तिच्या ध्यानात आलं की समोरच्या इमारतीतली एक म्हातारी दर मंगळवारी आणि शुक्रवारी चाकाची रिकामी पिशवी ओढत थांब्यावर येते आणि दुपारच्या आत भरली पिशवी घेऊन उतरते. एका शुक्रवारी त्या पिशवीतून वर आलेला हिरवा, केसासारखा बारीक पाला तिनं चौथ्या मजल्यावरून ओळखला.

पुढच्या मंगळवारी सुदर्शन कामावर गेला. बयाबाईनं बाळाला पाजायला प्रतिभाकडं दिलं, घरखर्चाच्या डब्यातली एक नोट घेतली, चटणी-भाकरी फडक्यात बांधली आणि खाली जाऊन येते म्हणाली. प्रतिभाला वाटलं खाली म्हणजे खाली. गळ्यातलं कार्ड बाळाच्या गाडीलाच राहिलं.

बस आली. म्हातारीमागोमाग बयाबाई चढली. ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं. बयाबाईनं पिशवीतून आपलं एसटीचं ज्येष्ठ नागरिक कार्ड काढून त्याच्या पुढ्यात धरलं. त्यानं फोटो बघितला, बयाबाईकडं बघितलं, नऊवारी बघितली, कपाळावरचं गोंदण बघितलं. मागं चार माणसं खोळंबली होती. त्यानं हात हलवून तिला आत सोडलं. मी बावीस वर्षं कंडक्टर होतो. त्या ड्रायव्हरची अवस्था मला बरोबर कळते. अशा वेळी नियम आठवत बसलं की गाडी लेट होते.

म्हातारीशेजारी बसून बयाबाईनं बोलायला सुरुवात केली. कुठल्या भाषेत म्हणून काय विचारता, आपल्याच. सून बाळंत झाली, नातवाचं नाक आजोबावर गेलंय, तुमच्या पायाला सूज दिसती, असं सगळं. म्हातारीही बोलत होती. तिची लेक, तिचं गुडघं, देव जाणे काय. दोघींचं छान चाललं होतं, कारण दोघींनाही ऐकायचं काहीच नव्हतं. उतरताना एका पोरीनं म्हातारीला "नेनी" म्हणून हाक मारली, तेव्हा बयाबाईला वाटलं हे तिचं नाव. पुढं बाजारात पाहिलं तर सगळ्याच म्हाताऱ्यांना नेनी म्हणत होते. एकाच नावाच्या एवढ्या बायका एका गावात कशा, हे कोडं तिला बरेच दिवस पडलं होतं. नेनी म्हणजे तिकडं आजी-मावशी, हे तिला पुढं प्रतिभानं सांगितलं. तोवर शेजारची तरुण पोरं लिफ्टमध्ये भेटली की "सिया" म्हणायची आणि बयाबाई हात जोडून "राम" म्हणायची. पोरांना ते फार आवडायचं. सिया म्हणजे नुसतंच हॅलो, हे कळल्यावरही तिनं राम म्हणणं सोडलं नाही.

बाजारात शेपूचे ढीग होते. बयाबाईनं एक जुडी उचलून नाकाला लावली आणि विकणारीला म्हणाली, शेपू. ती म्हणाली, "कापोर." बयाबाईला वाटलं ही कापूर विकतेय. तिनं मान हलवून कापूर नको, शेपू, असं दोनदा सांगितलं. तीही हट्टानं कापोर, कापोर करत राहिली. शेवटी बयाबाईनं चार जुड्या पिशवीत घातल्या, नोट पुढं केली आणि मोड मोजून घेतली. आमच्या इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती म्हणून पुण्याहून लोक येऊन खणून गेले. त्या तीन हजार वर्षांत इनामगावच्या कुणी हंगेरीच्या बाजारातून शेपू आणलेला नव्हता.

घोळ परतीला झाला. नेनी कुणाशी तरी बोलत मागं राहिली. बयाबाईनं बस ओळखली ती पुढच्या काचेखाली पत्र्याला पडलेल्या पोच्यावरून, तो तिनं सकाळीच हेरला होता. गाडी तीच होती. पण तिकडं एक गाडी दिवसभर एकाच मार्गावर फिरते असं कुणी सांगितलं? सकाळी जाताना लागलेला पूल आला नाही. घरं संपली, सूर्यफुलाची रानं लागली, एकेक माणूस उतरत गेला, आणि एका खेड्यात चर्चसमोर, अक्रोडाच्या झाडाखाली ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडीत बयाबाई आणि शेपू.

ड्रायव्हरनं उतरायची खूण केली. बयाबाई उतरली नाही. तिचा हिशोब साधा होता. चुकलेली गाडी सोडायची नाही, ती कधी ना कधी परत फिरते. ड्रायव्हर मान हलवून आपली न्याहारी काढून बसला, पाव आणि चरबीचा तुकडा. बयाबाईनंही फडकं सोडलं. तिला एकटीनं खाता येत नाही, म्हणून अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं चमचाभर चटणी तोंडात टाकली. मग बराच वेळ तो बाटलीनं पाणी पीत उभा होता. इथं लाल मिरचीची भुकटी पोत्यानं विकतात, मग एवढ्यानं याला काय झालं, असं तिला वाटलं.

आता याला आपला थांबा सांगायचा कसा? पत्ता नाही. नंबर नाही. थांब्याची एकच खूण तिला पक्की ठाऊक होती, ती म्हणजे तो दात. तिनं तोंड उघडलं, दाढेवर बोट ठेवलं, मग हात पसरून एवढा मोठा म्हणून दाखवलं, आणि रस्त्याकडं बोट केलं.

ड्रायव्हरला सगळं समजलं. म्हणजे त्याला वाटलं की समजलं. म्हातारीची दाढ दुखतेय, दुखणं एवढं मोठं आहे, आणि तिला घाईनं न्यायला पाहिजे. तो पळत समोरच्या दुकानात गेला आणि दुकानदारणीला घेऊन आला. तिच्या हातात छोट्या पेल्यात पाण्यासारखं काहीतरी होतं. तिनं खुणेनं सांगितलं, तोंडात धर, मग गीळ. बयाबाईनं तोंडात धरलं. ती सांगते, आधी दात बधिर झाले, मग जीभ, मग तिच्या माहेरच्या माणसांची नावं. गिळल्यावर मात्र बरं वाटलं. दुकानदारणीनं दुसरा पेला भरला तेव्हा ती नको म्हणाली, पण फार जोरात नाही. ती तिकडची जर्दाळूची दारू होती. दाढदुखीवर देतात म्हणे.

नंतरचा प्रवास तिला तुकड्यातुकड्यानं आठवतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून तिनं त्याला लग्न झालंय का विचारलं, अंगठीच्या बोटाकडं बघून आपणच उत्तर काढलं, आणि एक जात्यावरची ओवी म्हटली. शहराच्या स्टँडवर त्यानं तिला दंडाला धरून दुसऱ्या गाडीपाशी नेलं, त्या ड्रायव्हरला गालावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. दुसऱ्यानं तिला पुढं बसवलं. पूल आला. आणि गाडी नेमकी त्या मोठ्या दातासमोर थांबली.

ड्रायव्हर एवढ्यावर थांबला नाही. भला माणूस स्वतः खाली उतरला आणि त्यानं दवाखान्याची घंटी दाबली. पांढऱ्या कोटातली एक बाई बाहेर आली. तिनं बयाबाईच्या खांद्याभोवती हात टाकला. बयाबाईच्या सगळं ध्यानात आलं. ती म्हणाली, "बाई, दात न्हाई दुखत माझा, घर हाय माझं तिकडं." मग पिशवी छातीशी धरली आणि सुदर्शननं ओलांडू नको म्हणून सांगितलेला रस्ता पळत ओलांडला.

घरी प्रतिभा रडून थकली होती. तिनं सुदर्शनला फोन केला होता आणि तो कारखान्यातून गाडी घेऊन निघाला होता. आधी बाजार, मग दवाखाने, मग पोलीस. पोलिसानं विचारलं, आई कोणत्या भाषेत बोलते? सुदर्शन म्हणाला मराठी. पोलिसानं कॉम्प्युटरमधली यादी वरून खाली आणि खालून वर बघितली आणि "इतर" वर बोट ठेवलं. आई "इतर" मध्ये जमा झाली तेव्हा सुदर्शनला रडू फुटलं, असं तो स्वतः मला म्हणाला. तेवढ्यात प्रतिभाचा फोन आला (सासूला ती आत्या म्हणते), आत्या घरी आल्यात, शेपू निवडतायत, आणि जरा गातायत.

सुदर्शन घरी आला तो भडकलेलाच. दारात वास आल्यावर आणखी भडकला. त्यानं काय काय ऐकवलं ते सगळं सांगत नाही. वाचता येत नाही, बोलता येत नाही, पाटीवर काय लिहिलंय कळत नाही, आणि चालली बसनं, असा त्याचा मुद्दा होता.

बयाबाई जुडीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "सुदर्शना, दौंडच्या स्टँडवरची पाटी मला कवा वाचता येत हुती?"

सुदर्शन बूट काढायला वाकला.

"तू डिप्लोमाला हुतास तवा तीन वर्सं डबा आणला तुझा. कोणत्या गाडीनं आणला, कसा आणला, कवा इचारलंस?"

सुदर्शन म्हणाला, पण तिथं तुला सवय होती, तिथं भीती नव्हती.

"भ्या वाटायचं," बयाबाई म्हणाली. "दर खेपंला वाटायचं. पायरीवर पाय ठेवला की मनात यायचं, ही गाडी भलतीकडंच गेली तर काय. इथंबी तेवढंच वाटलं. जास्त न्हाई, कमी न्हाई."

हे मला सुदर्शननं सांगितलं, बयाबाईनं नाही. बावीस वर्षं ती दौंडलाच जाती ना विचारत होती, आणि मी लंडनचे विनोद करत होतो. बरं, जोक तरी माझा चांगला असावा. तोही तिचाच चांगला होता.

त्या दिवशी शेपूची भाजी झाली. लसूण जास्त पडला होता, पण स्वयंपाकिणीची अवस्था बघता कुणी बोललं नाही. चार दिवसांनी सुदर्शननं तिला बसचा फोटोवाला पास काढून आणला. तो बाळगायची ती, पण ड्रायव्हरला एसटीचंच कार्ड दाखवायची, कारण त्यातला फोटो बरा आलाय.

खरी गोष्ट यापुढं झाली आणि तिच्याकडं त्या घरात कुणाचं लक्ष नव्हतं. प्रतिभा बी.एस्सी. झालेली, खुटबावची मुलगी, हुशार. पण दीड वर्षात ती नवऱ्याशिवाय त्या इमारतीच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. ड्रायव्हरनं काही विचारलं तर काय बोलायचं, या धास्तीनं बसमध्ये पाय ठेवला नव्हता. आठवड्याचा बाजार सुदर्शन रविवारी गाडीनं करायचा. बाकी दिवस ती फ्लॅटमध्ये बसून भारतात किती वाजले ते बघायची. आत्या दारू पिऊन गात घरी आल्या त्या संध्याकाळी, ती म्हणते, तिला भीती वाटली, राग आला, आणि आत कुठंतरी हेवा वाटला.

बाळाला सव्वा महिना झाल्यावर ती म्हणाली, आत्या, मी येऊ का?

पहिल्या खेपेला ती सगळा रस्ता फोनमधल्या नकाशाकडं बघत होती. बयाबाईनं फोन काढून घेतला आणि शेपूच्या पिशवीत टाकला. "त्या निळ्या टिंबाकडं काय बघतीस? माणसांकडं बघ. ती पिशवीवाली उतरली की आपण उतरायचं." नेनीनं बाळाला मांडीवर घेतलं. विकणारीनं कापोर म्हटलं आणि प्रतिभानं हळूच कापोर म्हटलं. तिकडच्या भाषेत उच्चारलेला तिचा तो पहिला शब्द. पुढच्या पाच आठवड्यांत दोघी दहा वेळा गेल्या, दोनदा चुकल्या, आणि एकदा चुकून एका लग्नाच्या वरातीमागं बाळासकट चालत राहिल्या.

जुलैत बयाबाई परतली. भिमाप्पानं तिच्या मागं दोन कोंबड्या विकल्या आणि एक खाल्ली होती. त्यावरून चार दिवस घर दणाणलं, मग सगळं पूर्वीसारखं झालं.

परवा ती माझ्या दुकानात आली होती. रिचार्ज मारला आणि म्हणाली, प्रतिभाला व्हिडिओ लावून द्या. मी लावला. सुदर्शनची दोन वर्षं आता संपायला आलीत, कंपनीनं विचारलंय परत जायचं की आणखी एक वर्ष राहायचं. सुदर्शन परत यायला तयार होता. बयाबाईनं नातवासाठी पाळणासुद्धा टांगून ठेवलाय. तर प्रतिभा म्हणाली, आत्या, आम्ही एक वर्ष थांबतोय. मी लायब्ररीत भाषेचा क्लास लावलाय, आठवड्यातून दोनदा बसनं जाते, जूनमध्ये परीक्षा आहे. बाळाला नेनी सांभाळतात.

फोन बंद झाल्यावर बयाबाईनं मोबाईल माझ्याकडं सरकवला. मग तिनं त्या देशाला, तिथल्या बसला, त्या नेनीला आणि शेवटी स्वतःला शिव्या घातल्या. कुणी तिला बाहेर काढलं, मीच ना, असं म्हणत होती. मी तिच्यासाठी चहा सांगितला. तिनं तो बशीत ओतून प्यायला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, व्हिसाला किती दिवस लागतात.

मी म्हणालो, ते सुदर्शनला विचारावं लागंल.

"त्याला काय ठावं हाय," बयाबाई म्हणाली. "प्रतिभाला लावा परत."